वाढत्या वेल्थ मॅनेजमेंट फर्मचं ऑपरेशन्स आणि टेक्नॉलॉजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सल्ला चांगला आहे, ग्राहक वाढताहेत, पण आतली कामं दिवसेंदिवस उशिरा उरकताहेत, अशा फर्ममध्ये ऑपरेशन्स आणि टेक्नॉलॉजीची जबाबदारी ज्यांच्याकडे येते त्यांच्यासाठी हे पान आहे. नवं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, इथूनच बहुतेकांची विचारणा सुरू होते. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी: ग्राहकाच्या पैशाविषयीचा प्रत्येक आकडा कुठल्या नोंदीतून येतो आणि ती नोंद बरोबर असल्याची जबाबदारी कुणाची. खालची बरीच उत्तरं फिरून तिथंच येतात.

ऑपरेशन्समध्ये नेमकं काय काय येतं?

ग्राहकानं होकार दिल्यापासून त्याच्या हाती बरोबर स्टेटमेंट पडेपर्यंतचं सगळं. खातं उघडणं, केवायसी, ऑर्डर बाजारात जाणं, सेटलमेंट (व्यवहाराचे पैसे आणि शेअर प्रत्यक्ष हातात पडणं), कस्टोडियनच्या (ग्राहकांची गुंतवणूक सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदींशी ताळमेळ, डिव्हिडंड, बोनस आणि स्प्लिटच्या (एका शेअरचे अनेक होण्याच्या) नोंदी, फीची आकारणी, पैसे काढण्याच्या विनंत्या, बँक खातं किंवा नॉमिनी बदलणं, करासाठीचे अहवाल, तक्रारी.

टेक्नॉलॉजी हे वेगळं खातं मानावं का, असाही प्रश्न येतो. लहान आणि मध्यम फर्ममध्ये दोन्ही एकाच व्यक्तीच्या हाताखाली असणं मला बरं वाटतं. सिस्टम निवडणारा एक आणि तिच्यावर रोज काम करणारे दुसरे असले की डेमोमध्ये देखणी दिसणारी सिस्टम विकत घेतली जाते आणि खरं काम एक्सेलमध्येच चालू राहतं.

आमचे रिलेशनशिप मॅनेजरच सगळं बघतात. ऑपरेशन्ससाठी वेगळा माणूस कधी घ्यावा?

तुम्हाला वाटतंय त्याच्या आधी. ग्राहक किंवा एयूएम (फर्म सांभाळत असलेली एकूण रक्कम) किती झाल्यावर, असं बोट ठेवता येत नाही, कारण एकसारख्या पोर्टफोलिओंचे पुष्कळ ग्राहक सांभाळणं सोपं असतं आणि ट्रस्ट, संयुक्त खाती, दोन-तीन देशांतली मालमत्ता असलेली मोजकी कुटुंबं सांभाळणं अवघड. खुणा मात्र ओळखता येतात. ग्राहकाची विनंती कुठवर आली हे एका माणसाला फोन केल्याशिवाय कळत नाही. एकजण रजेवर गेला की त्याच्या ग्राहकांचं काम थांबतं. सल्लागार ग्राहकांशी बोलण्यापेक्षा फॉर्मच्या मागे जास्त धावतो.

आणखी एक कारण आहे आणि ते सोयीपेक्षा मोठं आहे. गुंतवणुकीचा निर्णय घेणारा, ऑर्डर टाकणारा आणि ती नोंदवून तपासणारा माणूस एकच असू नये. तो प्रामाणिक असला तरी नसावा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, आणि दिसली तरी ती उद्या दुरुस्त करू असं वाटून जातं.

ताळमेळ रोजच करायला हवा का? महिन्यातून एकदा केला तर चालणार नाही?

रोज करा. या पानावरच्या एकाच सल्ल्याला जागा असती तर मी हाच ठेवला असता.

तुमच्या पोर्टफोलिओ सिस्टममध्ये ग्राहकाकडे एखाद्या कंपनीचे १,००० शेअर दिसतात आणि कस्टोडियनकडे २,०००. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: स्प्लिट झाला, कस्टोडियननं नोंदवला, तुमच्याकडे यायचा राहिला. पण स्प्लिटनंतर भाव निम्मा झालेला असतो आणि तुमच्या सिस्टममध्ये तो निम्मा भाव जुन्या संख्येशी गुणला जातो. ग्राहकाला अ‍ॅपवर गुंतवणूक अर्ध्यावर आलेली दिसते. फरक त्याच सकाळी सापडला तर पाच मिनिटांचं काम. महिन्याअखेरीस सापडला तर तोवर चुकीच्या मूल्यावर रिबॅलन्सिंग (गुंतवणूक ठरलेल्या प्रमाणात परत आणणं) झालेलं असतं, फी आकारलेली असते, स्टेटमेंट गेलेलं असतं, आणि एका नोंदीच्या चुकीसाठी चार ठिकाणी दुरुस्ती करावी लागते.

मेळ तीन गोष्टींचा घाला: संख्या, रोख शिल्लक आणि व्यवहार. नुसती शेवटची शिल्लक जुळली म्हणून समाधान मानू नका, दोन विरुद्ध चुका एकमेकींना झाकू शकतात. खरेदी किमतीचा मेळ थोड्या अंतरानं घातला तरी चालतो, पण तो विसरला जातो आणि वर्षाअखेरीस भांडवली नफ्याच्या अहवालात डोकं वर काढतो.

न जुळलेल्या प्रत्येक नोंदीवर नाव आणि तारीख हवी. कोण बघतंय, कधीपासून उघडी आहे. एकूण फरक किती यापेक्षा जुने फरक किती हे मी आधी विचारतो. रोज नवे फरक येणारच, पण आठवडा उलटूनही तसाच पडलेला फरक म्हणजे त्याचं कारण कुणी शोधलेलं नाही.

ताळमेळ बाहेरच्या, स्वतंत्र नोंदीशी घालायचा असतो, हेही इथंच सांगायला हवं. अमेरिकेतला गुंतवणूक व्यवस्थापक बर्नार्ड मॅडॉफ याला डिसेंबर २००८मध्ये अटक झाली तेव्हा त्याच्या ग्राहकांच्या स्टेटमेंटवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते. त्यातले व्यवहार झालेच नव्हते. पैसा सांभाळणारी, व्यवहार करणारी आणि स्टेटमेंट छापणारी संस्था एकच होती, त्यामुळे ती स्टेटमेंटं पडताळून बघायला ग्राहकाकडे दुसरा कागदच नव्हता. म्हणून कस्टोडियनचं स्टेटमेंट ग्राहकाला थेट मिळू द्या. तुमच्या आकड्यांशी त्यानं ते ताडून पाहिलं तर त्यात तुमचाच फायदा आहे.

दोन रिपोर्टमध्ये परताव्याचे दोन वेगळे आकडे येतात आणि ग्राहक चिडतो. चूक कुठं असते?

पुष्कळदा चूक नसतेच, दोन पद्धती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ग्राहकानं १०० गुंतवले. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ होऊन १५० झाले. खूश होऊन त्यानं आणखी १५० घातले. दुसऱ्या वर्षी २० टक्के घट झाली आणि ३००चे २४० उरले. टाइम-वेटेड पद्धतीनं, म्हणजे पैसे कधी आले-गेले ते बाजूला ठेवून, दोन वर्षांत २० टक्के वाढ, म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ टक्के. ग्राहकाच्या खिशातून मात्र २५० गेले आणि हाती २४० आहेत. एक्सआयआरआर, म्हणजे पैसे घातल्याच्या तारखा धरून वार्षिक परतावा, काढला तर तो वर्षाला साधारण उणे २.९ टक्के येतो.

पहिला आकडा पोर्टफोलिओ कसा सांभाळला ते सांगतो, कारण पैसे कधी घालायचे हे मॅनेजरच्या हातात नव्हतं. दुसरा ग्राहकाच्या पैशाचं काय झालं ते सांगतो. फर्मची कामगिरी इतरांना दाखवण्यासाठी सीएफए इन्स्टिट्यूट या गुंतवणूक व्यावसायिकांच्या संस्थेची जीआयपीएस मानकं मुख्यतः टाइम-वेटेड परतावा मागतात, ते याच कारणानं. ग्राहकाला दोन्ही आकडे द्या, प्रत्येकाखाली एका वाक्यात अर्थ लिहा, आणि कुठला आकडा कुठं वापरायचा हे फर्मभर एकदाच ठरवा. बाजार चढला की एक आणि पडला की दुसरा, असं कुणी करायला लागलं तर ते तिथंच थांबवा.

फी आकारणीत चुका का होतात?

करारात एक लिहिलेलं असतं आणि सिस्टममध्ये दुसरं भरलेलं असतं म्हणून. तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचं मूल्य धरायचं की सरासरी? मध्येच आलेल्या पैशावर दिवसांच्या प्रमाणात? एका कुटुंबाची खाती एकत्र धरून स्लॅब लावायचा का? बाजूला ठेवलेल्या रोख रकमेवर फी आहे का? सल्लागारानं जुन्या ग्राहकाला तोंडी दिलेली सवलत कुठं नोंदवली आहे?

प्रत्येक खात्याचा दर सही झालेल्या करारातून उचलून सिस्टमशी एकदा मुळापासून ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण करायलाच हवं. ग्राहकाकडून जास्त घेतलं गेलं असेल तर त्यानं विचारायच्या आधी, व्याजासह परत करा आणि तसं लेखी कळवा.

एकच मोठी सिस्टम घ्यावी, की प्रत्येक कामाला वेगळी आणि चांगली?

ग्राहकांची माहिती, पोर्टफोलिओचा हिशेब, ऑर्डर, रिपोर्टिंग आणि कागदपत्रं ही पाच कामं आहेत. ती एकाच सिस्टममध्ये मिळाली तर जोडणीचा त्रास वाचतो, पण त्यातली दोन तरी सुमार निघतात. वेगवेगळ्या घेतल्या तर प्रत्येक चांगली, आणि त्यांना जोडणारे एपीआय सांभाळणं तुमच्या गळ्यात.

मी निवड करताना आधी एक तक्ता करतो. डावीकडे माहितीचा प्रत्येक घटक: ग्राहकाचा पत्ता, बँक खातं, जोखमीची पातळी, फीचा दर, शेअरची संख्या, खरेदी किंमत. उजवीकडे त्याची मूळ नोंद कुठल्या सिस्टममध्ये राहणार. बाकी सगळ्यांनी तिथून वाचायचं, स्वतःकडे बदलायचं नाही. हा तक्ता भरता आला तर एक सिस्टम असो की पाच, काम निभतं. भरता आला नाही तर पत्ता तीन ठिकाणी तीन प्रकारचा राहतो, आणि एक दिवस एका ग्राहकाचं स्टेटमेंट त्याच्या जुन्या घरी जातं.

स्वतः काय बनवावं? हिशेबाचं इंजिन शक्यतो नको. बोनस, स्प्लिट अशा कॉर्पोरेट अ‍ॅक्शनचे प्रकार, करांचे नियम, बाजारांच्या सुट्ट्या हे सगळं सतत बदलत असतं आणि ते सांभाळायला एक पूर्ण टीम लागते. तुमच्या कामाच्या पद्धतीला चिकटलेले छोटे भाग मात्र खुशाल बनवा, विनंत्यांचा पाठपुरावा किंवा ताळमेळाचा डॅशबोर्ड यांसारखे.

विक्रेत्याला डेमोमध्ये नव्या खात्यापेक्षा चुकलेला व्यवहार दाखवायला सांगा. तीन महिन्यांपूर्वीचा व्यवहार चुकीचा नोंदवला होता, तो आज दुरुस्त केला, आता परतावा, फी आणि कराचा अहवाल बरोबर बदलतात का, आणि जुना आकडा काय होता याची नोंद राहते का? यावरून पुष्कळ कळतं. करार संपल्यावर पूर्ण डेटा कुठल्या स्वरूपात परत मिळेल, हे सही करायच्या आधी लिहून घ्या.

एक्सेल पूर्ण बंद करावं का?

नाही. विश्लेषणाला, एखाद्या वेळच्या तपासणीला एक्सेलसारखं साधन नाही. ज्या आकड्यावर पैसे हलतात तो आकडा मात्र एक्सेलमध्ये तयार होऊ नये. जेपी मॉर्गनला २०१२मध्ये ज्या व्यवहारांत ६ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, त्यांची जोखीम मोजणारं एक मॉडेल एक्सेल शीटवर चालत होतं, त्यात हातानं कॉपी-पेस्ट होत असे, आणि एका सूत्रात सरासरीनं भागायच्या ऐवजी बेरजेनं भागलं जात होतं, असं बँकेच्या स्वतःच्या अहवालात नोंदलं आहे. तोटा त्या एका सूत्रानं झाला नाही, पण त्यामुळे जोखीम कमी दिसली.

जुन्या सिस्टममधून नव्या सिस्टमवर जाताना काय सांभाळावं?

तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८मध्ये एका शनिवार-रविवारी आपला डेटा नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. डेटा पोहोचला, पण प्लॅटफॉर्म ग्राहकांचा भार पेलू शकला नाही, लाखो लोकांना आपली खाती उघडता येईनात, आणि सगळं सुरळीत व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. नियामकांनी डिसेंबर २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला. तुमची फर्म त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नसेल, तरी घसरण्याच्या जागा त्याच आहेत: तारीख आधी जाहीर करणं, चाचणी आखडती घेणं, पुरवठादारानं ‘तयार आहोत’ म्हटलं की पुरावा न मागणं.

नुसती आजची शिल्लक घेऊन नव्या सिस्टममध्ये जायचं, की सगळे जुने व्यवहार न्यायचे? पहिलं स्वस्त आहे आणि मोह पडतोच. पण मग जुना परतावा, खरेदीची तारीख आणि खरेदी किंमत मागं राहते. निदान आजही हातात असलेल्या प्रत्येक गुंतवणुकीचे खरेदीचे व्यवहार तरी न्या. दोन्ही सिस्टम काही काळ शेजारी शेजारी चालवा, आणि त्या काळात एक तिमाहीअखेर यायलाच हवी, कारण फी, स्टेटमेंट आणि अहवाल तेव्हाच एकदम तपासले जातात. मागं फिरण्याचा रस्ता कागदावर नको, करून बघितलेला हवा.

सेटलमेंटचा कालावधी कमी झाला त्याचा आमच्या कामावर काय परिणाम?

भारतात टी+१चं (व्यवहारानंतरच्या कामकाजाच्या दिवशीच सेटलमेंटचं) संक्रमण जानेवारी २०२३मध्ये पूर्ण झालं, अमेरिकेनं २८ मे २०२४पासून ते स्वीकारलं, आणि युरोपीय संघ, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड यांनी ११ ऑक्टोबर २०२७ ही तारीख ठरवली आहे. पूर्वी चुकीची सूचना गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघून दुरुस्त करता येत असे. आता तो दिवसच उरत नाही. व्यवहाराची पुष्टी त्याच दिवशी व्हायला हवी, आणि परदेशी बाजारात खरेदी असेल तर चलनाची सोयही तेव्हाच. वेगळ्या टाइम झोनमध्ये बसलेल्या फर्मला संध्याकाळची पाळी लावावी लागते किंवा ते काम कस्टोडियनकडे सोपवावं लागतं.

पैसे बाहेर पाठवण्याच्या विनंत्यांसाठी किती तपासण्या पुरेशा?

किती यापेक्षा कशा, हे बघा. ऑगस्ट २०२०मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळपास ९० कोटी, तेही बँकेचे स्वतःचे. मुद्दल बाहेर न जाता अंतर्गत खात्यात वळवायला सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर तीन चौकटी भराव्या लागत होत्या, भरली गेली एकच. व्यवहार तीन जणांच्या नजरेखालून गेला होता. तिघांनी तीच स्क्रीन बघितली आणि तिघांनाही ती बरोबर वाटली.

मेकर-चेकर (एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची) लावताना चेकरनं मेकरची स्क्रीन बघून होकार देऊ नये. त्यानं ग्राहकाची मूळ विनंती उघडावी, रक्कम आणि खातं तिथून स्वतः वाचावं, आणि मंजुरीच्या आधी ‘या खात्यातून बाहेर जाणारी एकूण रक्कम’ मोठ्या अक्षरांत समोर यावी. मर्यादा ठेवा आणि मर्यादेच्या वर वेगळा मार्ग ठेवा. सगळ्याच विनंत्यांना सारखी कडक तपासणी लावली तर माणसं दिवसभर मंजूर, मंजूर दाबत राहतात आणि खरी शंकास्पद विनंती त्यातच निघून जाते.

बँक खातं बदलण्याची विनंती ही पैसे काढण्याच्या विनंतीइतकीच धोक्याची माना. ईमेलवर आली, आवाज ओळखीचा वाटला, व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला, यातलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. हाँगकाँगमध्ये २०२४च्या सुरुवातीला उघडकीला आलेल्या प्रकरणात एका कंपनीच्या कर्मचाऱ्यानं व्हिडिओ बैठकीनंतर सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले बाकीचे चेहरे डीपफेक होते. तुमच्याकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर तुम्ही उलट फोन करा. नंबर आणि बँक खातं एकाच आठवड्यात बदललं असेल तर थांबा आणि ग्राहकाला भेटा. ‘आत्ता लगेच पाठवा’ म्हणणाऱ्या मोठ्या ग्राहकासमोर कर्मचाऱ्याला नाही म्हणता यावं, म्हणून मालकानं सगळ्यांदेखत सांगावं की अशा विलंबासाठी कुणालाही बोल लागणार नाही. हे सांगितलेलं नसेल तर लेखी नियमाला काही अर्थ उरत नाही.

लहान फर्मला सायबर सुरक्षेसाठी किमान काय हवं?

प्रत्येक लॉगिनला टू-फॅक्टर. एकाचा पासवर्ड दुसऱ्यानं वापरायचा नाही. नोकरी सोडणाऱ्याचे सगळे अ‍ॅक्सेस त्याच दिवशी बंद, त्यासाठी कुणाला कशाचा अ‍ॅक्सेस आहे याची यादी हवी, आणि ती यादी तिमाहीला एकदा वाचायला हवी. सॉफ्टवेअरचे पॅच वेळेवर. ग्राहकांची कागदपत्रं चॅट अ‍ॅपवर घेणं बंद. एवढं नीट झाल्यावर बाकीची साधनं बघा.

सगळं क्लाउडवर आहे, मग बॅकअप वेगळा कशाला?

ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं क्लाउड सबस्क्रिप्शन मे २०२४मध्ये गूगल क्लाउडच्या बाजूनं झालेल्या चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे डिलीट झालं. ६ लाखांहून जास्त सदस्यांना कित्येक दिवस आपली खाती बघता आली नाहीत. फंडानं दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता आणि डेटा परत उभा करताना त्याचा मोठा उपयोग झाला. म्हणून एक प्रत वेगळ्या पुरवठादाराकडे, वेगळ्या लॉगिनखाली ठेवा. आणि ती उघडून बघा: वर्षातून एकदा तरी रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करा, किती तास लागले ते लिहून ठेवा. त्या तासांत ग्राहकाचा फोन आला तर काय सांगायचं, होल्डिंगची शेवटची यादी कुठून वाचायची, हेही ठरलेलं असू द्या.

एआय कुठं वापरावं?

स्कॅन केलेल्या फॉर्ममधून माहिती उचलणं, अपुरे अर्ज बाजूला काढणं, बैठकीची टिपणं, ताळमेळातल्या फरकांची संभाव्य कारणं सुचवणं. जिथं चूक झाली तरी ती पैसे हलायच्या आधी माणसाला दिसेल, तिथं वापरा. परतावा, फी, कर हे आकडे ठरलेल्या सूत्रानंच निघायला हवेत, रोज त्याच माहितीवर तेच उत्तर यायला हवं. ग्राहकाचं नाव आणि होल्डिंग असलेली फाइल कुणी सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नये, आणि हे मनाई करून भागत नाही, वापरायला सुरक्षित पर्याय द्यावा लागतो.

ऑपरेशन्स नीट चाललंय हे कुठल्या आकड्यांवरून ओळखावं?

पहिल्या फेरीत किती अर्ज पूर्ण आणि बरोबर आले. विनंती आल्यापासून पूर्ण व्हायला किती दिवस लागले, त्यातही सरासरीपेक्षा सगळ्यात जास्त रखडलेल्या विनंत्या बघा. ताळमेळातले जुने फरक. आपण शोधलेल्या चुका किती आणि ग्राहकानं दाखवलेल्या किती, हे शेवटचं गुणोत्तर मला सगळ्यात बोलकं वाटतं. चुकांची संख्या एकाएकी शून्यावर आली तर मात्र आनंद मानू नका, लोकांनी सांगायचं थांबवलंय का ते बघा.

ऑपरेशन्समधली चांगली माणसं टिकत नाहीत. काय करावं?

त्यांना ग्राहक दिसू द्या. ज्याच्या वारसहक्काची कागदपत्रं कर्मचाऱ्यानं आठवडे खपून पूर्ण केली, त्या कुटुंबाच्या बैठकीला त्याला सोबत न्या. नवी सिस्टम निवडताना त्याचं मत फक्त विचारू नका, नकाराचा अधिकारही द्या. सल्लागाराला ग्राहक आणल्याबद्दल बक्षीस मिळतं, तसं फीमधली चूक ग्राहकाच्या आधी पकडणाऱ्यालाही मिळायला हवं, आणि तेही सगळ्यांसमोर. पगाराची रचनाही बघा. ऑपरेशन्समध्ये वर चढण्याचा रस्ताच नसेल तर हुशार माणूस दोन वर्षांत सल्लागार होतो किंवा दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर कुठल्या ग्राहकाचं खातं का वेगळ्या पद्धतीनं चालतं याची माहितीही जाते. ती माहिती त्याच्या डोक्यातून ग्राहकाच्या नोंदीत उतरवायला त्याला आठवड्यातला काही वेळ मोकळा ठेवून द्या, राजीनाम्यानंतरच्या नोटिशीच्या काळात ते होत नाही.